फटीत राहिलेलं पान

आज सकाळी सात वाजता मावशीच्या भाचीने मला कुंडीतून उपटून कचऱ्याच्या बादलीत टाकलं. त्याच वेळी मी बागेच्या भिंतीत, दगडांच्या फटीत, दवाने ओली होऊन बसले होते. मित्रांनो, तुम्ही गोंधळलात ना? मीही.

मी एक जुनी डोंगरी वनस्पती आहे, निदान होते. माझं घराणं चीनमधल्या कड्याकपारींतलं. आफ्रिकन व्हायोलेट ही माझी दूरची बहीण. ती घरात लाडावलेली, आणि मी बर्फ पडला तरी हूं की चूं न करणारी. या बागेच्या मालकिणीने, मावशीने, मला आणलं आणि भिंतीच्या सावलीकडच्या बाजूला, दोन दगडांमध्ये आडवं बसवलं.

शेजारचा सुतार हसला. "मावशी, झाडाला भिंतीत चिणताय? काय गुन्हा केला त्याने?"

"आडवं असलं की त्याच्या गाभ्यात पाणी साचत नाही. तू आपला रंधा मार."

मावशी घड्याळं दुरुस्त करायची. दर वसंतात मला जांभळी, नळीसारखी फुलं आली की डोळ्याला भिंग लावून ती आत डोकावायची. त्या कौतुकाची मला सवयच लागली.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती मुलाकडे गेली. जाताना भाचीला म्हणाली, "बाकी काही सांभाळलं नाहीस तरी चालेल, एवढं झाड सांभाळ."

थंडीत मी नेहमीसारखी आक्रसून, तपकिरी पडून झोपले होते. भाचीला वाटलं, मी मरतेय.

"अगं बाई, काय दशा झालीय तुझी! चल घरात."

तिने मला फटीतून खरवडून काढलं, कुंडीत सरळ उभं केलं, उबदार खिडकीत ठेवलं आणि रोज डोक्यावरून पाणी घातलं. इतकी माया मला कुणीच केली नव्हती. त्या मायेतच मी गाभ्यापासून कुजत गेले. फोनवर मात्र भाची सांगायची, "झाड एकदम ठणठणीत आहे, मावशी!"

खरवडताना माझं एक पान देठासकट फटीतच राहिलं होतं. उन्हं वाढली तशी त्याला मुळं फुटली, मग नाण्याएवढी चार पानं आली. आता मी कोण? बादलीतली की भिंतीतली? सुताराचं हसणं मला आठवतं, पण ते ऐकणारी मी हीच का? तुम्ही वय विचारलंत तर काय सांगू?

मित्रांनो, कुणावर माया करण्याआधी त्याला कसं राहायला आवडतं, एवढं जाणून घ्या. यापलीकडे मला काही कळत नाही.

दुपारी मावशी काठी टेकत आली, ती थेट भिंतीशी. भाची मागे उभी राहून बादली पायाने हळूच सरकवत होती. फटीतली मी तिलाही आत्ताच दिसले.

मावशीने डोळ्याला भिंग लावलं. "एवढंसं कसं झालं गं हे? माझंच आहे ना?"

भाचीने बादली आणखी मागे सरकवली. ती काय सांगते, याकडे मीही कान देऊन आहे.