एक डहाळी, दोन माणसं

आमच्या घरात हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. बापाचं तसं, भाऊ भूपेंद्रचं तसं, आणि माझं तर विचारूच नका. त्यामुळे हेमराजच्या पाठीत पहिला दांडा मीच घातला, याचं गावात कोणाला नवल वाटलं नाही.

भूपेंद्र तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेला होता. तळहात जळून काळे झालेले, तोंड उघडं. वादळानं तुटलेली मोटरची तार जोडायला तो खांबावर चढला होता. हेमराजनं डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं, हँडल वर ढकललं, लाइन सुरू झाली आणि माझा भाऊ तारेला चिकटला, मग सुटून खाली आदळला. हेमराज आमचा शेतशेजारी. मागच्या साली धुऱ्यावरून दोघांची मारामारी झाली होती. भूपेंद्रनं त्याचा दात पाडला होता आणि तुला पाहून घेईन, असं हेमराज चारचौघांत बोलला होता. आणखी पुरावा कशाला हवा?

लोकांनी त्याला मोहाच्या झाडाला बांधलं. ज्याच्या हाती जे लागलं त्यानं तो मारत होता. फावड्याच्या दांड्यानं त्याच्या डाव्या हाताचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं. त्याची बायको चमेली एकेकाच्या पाया पडत होती. तिलाही कोणीतरी लाथ घातली. माझा बाप उदेभान कुऱ्हाड आणायला घरी गेला होता. तो आला की हेमराज संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला अडवायचं कोणाच्या मनात नव्हतं. बाप लवकर यावा, एवढंच मला वाटत होतं.

हेमराज रक्त थुंकत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता. "डहाळी माहीच होती. म्या बांधली, म्या सोडली."

दरेकसाच्या जंगलाकडचं आमचं गाव. लाइनमन कधी उगवेल याचा नेम नाही, म्हणून तार तुटली की माणूस स्वतःच खांबावर चढतो. चढण्याआधी डीपीचं हँडल खाली ओढून लाइन बंद करायची आणि हँडलला पळसाची डहाळी बांधायची. डहाळी दिसली की वर माणूस आहे, हँडलला हात लावायचा नाही. ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची. एकमेकांचे गळे धरणाऱ्यांनीही हा नियम कधी मोडला नव्हता.

म्या बांधली, म्या सोडली. माझा दांडा वरच राहिला. हे मी नुकतंच कुठंतरी ऐकलं होतं.

मी गोंदियाला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकते. एकाच वेळी अनेक कामं एका मशीनमध्ये कशी चालतात आणि एकमेकांच्या पायात पाय कसे घालतात, हा राजदीप सरांचा विषय. सर म्हणाले होते, दोन प्रोसेस आहेत, पण आत कोणी आहे हे सांगणारी खूण, म्हणजे ताला, एकच. पहिल्यानं खूण लावली आणि तो आत गेला. दुसरा आला, खूण आधीच आहे म्हणून तसाच आत शिरला. पहिल्याचं काम झालं, त्यानं आपली खूण काढली. दुसरा अजून आतच आहे, हे त्या खुणेला कुठून कळणार? मग त्यांनी विचारलं, "बताओ, गलती किसकी?" मी ताडकन म्हटलं, पहिल्याची. सर म्हणाले, "किसी की नहीं. गलती ताले की है." मला हसू आलं होतं. खून होतो आणि खुनी कोणीच नसतो, असं कुठं असतं का?

बाप कुऱ्हाड घेऊन आला. मी हेमराजच्या पुढं उभी राहिले. बापानं मला सरकायला सांगितलं, मी सरकले नाही. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यात घातला आणि मी चिखलात पडले. पोट्टी शिकून आली आणि भावाच्या मारेकऱ्याची बाजू घेऊन राहिली, असं मागून कोणीतरी म्हणालं.

मी पडल्या जागेवरून बोलले. "बा, भूपेंद्रची डहाळी कुठं हाय? दाखव मले. त्यानं बांधलीच नाई. हेमराज तवा त्याच्या खांबावर होता, त्याची पाहून हा चढला."

हेमराजच्या आणि आमच्या खांबाच्या मधे बांबूचं बेट आहे. इकडचा माणूस तिकडच्याला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि तिथं उभा असलेला एकेक जण कधी ना कधी दुसऱ्याच्या डहाळीवर खांब चढलेला होता. एक गोष्ट मात्र फक्त मला आणि बापाला माहीत होती. अशाच एका वेळी भूपेंद्र पळसाची डहाळी तोडत होता, तेव्हा बापच त्याच्यावर खेकसला होता, "एक बांधली हाय ना, मंग दुसरी कायले तोडून राहिला?" भूपेंद्रनं हातातली डहाळी फेकून दिली होती. हे मी बोलले नाही. बापाला ते आठवलं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं.

त्यानं कुऱ्हाड उचलली. चमेली किंचाळली. पण तो हेमराजला ओलांडून गेला आणि पळसावर घाव घालत सुटला. एका डहाळीसाठी त्यानं अर्धं झाड फोडलं. मग ती डहाळी नेऊन त्यानं डीपीच्या हँडलला बांधली, गाठीवर गाठ मारत.

पोलीस आले आणि अपघात लिहून गेले. हेमराज वाचला, डावा हात मात्र लुळा राहिला. भूपेंद्रची माती झाली. पण डीपीवरची डहाळी तशीच राहिली. सगळ्यांच्या मोटरी त्याच डीपीवर. उन्हाळी धानाच्या लोंब्या भरत आलेल्या आणि पाण्यावाचून बांध्यांतल्या जमिनीला भेगा पडू लागल्या. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि बाप डीपीखाली मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसलेला. गावातले वडीलधारे यादोराव समजवायला गेले आणि हँडलकडं हात नेला, तर बापानं त्यांच्या दंडावर घाव घातला. पांढरं हाड दिसलं. यादोरावांना तो एवढंच म्हणाला, "माहा पोरगा वरतं हाय."

घरात बसवेना म्हणून मी वर्गात गेले. सर त्या दिवशी पुढचं शिकवत होते. ताला लावून जो मेला, त्याची वाट बाकीचे कायम पाहत राहतात. कोणीतरी उठून म्हणावं लागतं, की तो मेला. मला सरांचा राग आला, त्या कोरड्या फळ्याचा राग आला, आणि मी तास अर्धा सोडून उठले.

गावात उतरल्यावर मी घरी गेले नाही. लाइनीच्या कडेकडेनं चालत एकेक खांब मान वर करून पाहिला. मग डीपीपाशी गेले. बापानं कुऱ्हाड उचलली. खांदा अजून ठणकत होता, पण मी गाठीला हात घातला. त्यानं माझं मनगट असं धरलं की बोटं बधिर झाली.

"बा, वर कोणी नाई."

"बांबूच्या मागचा खांब पायला?"

"पायला, बा."

त्यानं मनगट सोडलं. गाठी सुकून आवळल्या होत्या, त्या मी दातांनी सोडवल्या. डहाळी त्याच्या मांडीवर ठेवली आणि हँडल वर ढकललं. शिवारभर मोटरी एकदम सुरू झाल्या, आणि बाप मान वर करून बांबूकडं पाहत राहिला.