पाणी घातलं होतं का

सहदेव परबच्या पत्रात प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. तरीही तीन वर्षं मी त्या पत्राला उत्तर पाठवलं नाही.

निळं आंतर्देशीय पत्र होतं, पंच्याऐंशीच्या संक्रांतीनंतर आलेलं. बॉलपेन दाबून लिहिलेली सात-आठ वाक्यं. गावी पोचलो, घर शाकारायचं आहे, आंब्याला मोहर बरा आहे. आणि मग: 'मास्तर, त्या दिवशी सकाळी तू दारात उभा होतास. मी गाडीत पाणी घातलं होतं का? घातल्यासारखं वाटतं, पण नक्की आठवत नाही. तू पाहिलं असशील तर कळव. बाकी काही नको.'

मी पाहिलं होतं.

मी मास्तर कधीच नव्हतो. घाटकोपरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलो. ते जमलं, कारण मध्ये काच होती. काचेच्या पलीकडच्या माणसाशी मला बोलता येतं, समोरासमोर शब्द अडकतात. सहदेव आमच्याच चाळीत, तळमजल्यावर. गिरणीत फिटर होता. संप लांबला, वर्ष गेलं, गिरणी पुन्हा आपल्याला बोलावणार नाही हे त्याला कळलं. तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्याने एक जुनी फियाट घेतली. ओळखीच्यांना लग्नाला, इस्पितळात, विमानतळावर न्यायचं आणि मिळेल त्यावर घर चालवायचं, असा बेत.

गाडी त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाची होती आणि तापायची. चढावर तर तापायचीच. नाक्यावरच्या चंदू मेकॅनिकने सांगितलं, रेडिएटर नवा टाका. ते परवडणारं नव्हतं.

"गिरणीतले पंप सांभाळले आयुष्यभर," सहदेव म्हणाला, "आणि ह्या एवढ्याश्या टाकीला घाबरू? मास्तर, तुझी ती पोथी काढ."

पोथी म्हणजे त्याच गाडीच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक. मी ते फूटपाथवर घेतलं होतं, गाडी नसताना. मला पुस्तक दिसलं की राहवत नाही. मग रविवारी दुपारी मी खोक्यावर बसून एकेक परिच्छेद मराठीत सांगायचो आणि सहदेव बॉनेटखाली वाकून ते करायचा. रेडिएटर सोडवून उलटा धरला आणि नळाखाली धुतला. आधी चहासारखं तांबडं पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ. बारीक भोकांना त्याने स्वतः डाग दिला. चिरलेल्या रबरी पाइपाच्या जागी ट्रकच्या जुन्या पाइपाचा तुकडा कापून बसवला. तरी खालच्या कडेला एक थेंब लोंबतच होता. तेव्हा त्याने रुक्मिणी वहिनींकडून हळद मागवली.

"पुस्तकात हळद नाही, सहदेव."

"पुस्तक लिवणाऱ्याच्या बायकोने जेवणात घातली नसेल रे. आमचे सगळे ड्रायव्हर हेच करतात."

त्याने चमचाभर हळद टाकली. थेंब थांबला. तो हसला, आणि मी नको तितका खट्टू झालो.

कदाचित म्हणूनच मी थर्मोस्टॅटचा हट्ट धरला. थर्मोस्टॅट म्हणजे झडपेचं एक लहानसं डबडं. इंजिन गार असताना ते पाण्याची वाट बंद ठेवतं, तापलं की उघडतं. आमच्या गाडीत ते नव्हतंच. चंदूने कधीच काढून फेकलं होतं. "मुंबईत कशाला पायजे? इथं काय बर्फ पडतो?" असं तो म्हणे. पण पुस्तकात स्पष्ट होतं की त्याच्याशिवाय सुरू केलेलं इंजिन बराच वेळ गार राहतं आणि पेट्रोल जास्त खातं. पेट्रोल म्हटल्यावर सहदेव ऐकायला लागला. मी म्हणालो, मी आणतो. सगळ्या दुरुस्तीत माझ्या हातचं काहीच नव्हतं. एक वस्तू तरी माझी असावी, असं वाटत होतं.

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे एक जुनं मिळालं. रॉकेलने घासल्यावर पितळ चकाकलं. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की बसवण्याआधी ते उकळत्या पाण्यात धरून झडप उघडते का, हे पाहावं.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. नलिनीने, माझ्या सुनेने, घट मांडला होता आणि स्वयंपाकघर धुऊन पुसून ठेवलं होतं. कागदात गुंडाळलेलं ते डबडं हातात घेऊन मी दाराशी उभा राहिलो.

"काय हवंय, बाबा?"

गाडीचा तेलकट भाग उकळायला एक पातेलं दे, एवढंच सांगायचं होतं. नलिनी वाईट नाही. फार तर म्हणाली असती, उद्या घ्या.

"पाणी," मी म्हणालो. तिने पेला भरून दिला. मी तो प्यायलो आणि परत फिरलो. शुक्रवारी तिच्या माहेरची माणसं आली. शनिवारीही जमलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा नुसता चहा प्यायलो.

रविवारी संध्याकाळी सहदेवने ते डबडं तळहातावर तोललं. "बघितलंस ना उकळत्या पाण्यात?"

"बघितलं."

"उघडतं?"

"उघडतं."

"झकास!" तो म्हणाला आणि त्याने ते बसवलं.

सोमवारी सकाळी बोरिवलीचं भाडं होतं. मी दारात उभा होतो. सहदेवने बॉनेट उघडलं, पत्र्याच्या डब्याने काठोकाठ पाणी घातलं, इतकं की ते बाहेर सांडलं. बाहीने पुसून त्याने झाकण घट्ट फिरवलं आणि मला हात केला.

दुपारी गाडी दोराने ओढत आणली. पवईच्या चढावर मागच्या बायका 'धूर, धूर' म्हणून ओरडल्या तोवर उशीर झाला होता. तापमानाचा काटा तर त्याने गाडी घेतली तेव्हापासूनच मेलेला होता. चंदूने झाकण काढून आत बोट घातलं.

"थेंब नाय पाण्याचा. सुकीच चालवली की काय, परब? वाट लागली इंजिनची."

"घातलं होतं रे," सहदेव म्हणाला.

"घातलं होतं तर गेलं कुठं?"

अख्ख्या चाळीने ते ऐकलं. रुक्मिणी वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "गिरणीतल्या यंत्रांका तेल घालूक कधी इसारले नाय, नि घरच्या गाडयेक पाणी घालूक इसारले!" दोन दिवस सहदेव 'घातलं होतं गो' म्हणत राहिला. तिसऱ्या दिवसापासून त्याने म्हणणं सोडलं. ह्या सगळ्यात मी तिथे होतो. त्याच खोक्यावर बसलो होतो.

गाडी भंगारात जायच्या आदल्या दिवशी मी थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे बोल्ट काढून ते डबडं खिशात घालून घरी आणलं. नलिनी माहेरी गेली होती. मी पातेल्यात पाणी उकळलं. डबडं तळाशी खडखडत राहिलं आणि झडप मिटलेलीच राहिली. वाट बंद, म्हणून इंजिनातलं पाणी तिथेच उकळून वाफेबरोबर बाहेर गेलं. पातेल्यातलं पाणी आटेपर्यंत मी बघत होतो. मग ते नाल्यात टाकून आलो.

सहदेव पंधरा दिवसांनी बिऱ्हाड घेऊन गावी गेला.

पत्राला 'हो, घातलं होतंस' एवढं उत्तर पुरलं असतं. पण तो फिटर होता. मग पाणी गेलं कुठे, हे त्याने पुढच्याच पत्रात विचारलं असतं आणि तिथून माझ्यापर्यंत पोचला असता. मी स्वतःला सांगितलं, कदाचित डबडं आधी चांगलंच असेल, त्या दिवशीच्या उष्णतेने बिघडलं असेल. मला सगळ्याच बाबतीत संशय असतो. हा एक मी तीन वर्षं जपला, कारण तो सोयीचा होता.

गेल्या महिन्यात रुक्मिणी वहिनी आल्या. मुलुंडला बहिणीकडे लग्न होतं, जाता जाता डोकावल्या. पिशवीतून कोकमं काढून नलिनीच्या हातात दिली आणि माझ्यासमोर बसल्या. मी विचारलं, सहदेव कसा आहे?

"काय सांगू, भावजी. तेंका स्वतःचोच भरवसो नाय. दार लावलंय की नाय, चार वेळा बघतत. चुलीतलो विस्तव इझलो काय, म्हणान परत परत उठतत. गावात नळाचो पंप बसवल्यानी. पंचायतीन घरी येवन सांगल्यानी, परबानू, तुम्ही सांभाळा, पगार देतो. नाय म्हणाले. माझ्या हातून इसारता, गावाक पाणी मिळूचा नाय, म्हणाले. मीच बोललंय तेंका, पयल्यांदा मीच. आता तोंड शिवान घेतलंय, पण आता तेंचा तेच बोलतत."

माझी मान खाली होती.

"तुमका पत्र घातल्यानी हुता. पोचला नाय वाटता. पोस्टाचा काय खरा नाय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मध्ये काच नव्हती. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी माझ्या बाजूने लावला. उठताना म्हणाल्या, "ते तुमची आठवण काढतत हा."

त्या गेल्यावर लिहायला बसलो. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात माझा भिडस्त स्वभाव होता, घट होता, नलिनीही होती. वाचून पाहिलं तर मी क्षमा मागत नव्हतो, वकिली करत होतो. ते फाडलं. दुसऱ्यात 'कदाचित' हा शब्द पाच वेळा आला. तेही फाडलं. असे आठ दिवस गेले. शेवटी आंतर्देशीय पत्रावर एवढंच लिहिलं:

'प्रिय सहदेव, तुझं पत्र तेव्हाच पोचलं होतं. तू पाणी घातलं होतंस. काठोकाठ, बाहेर सांडेपर्यंत. मी पाहिलं. मी आणलेला थर्मोस्टॅट बंदच अडकलेला होता. मी तो तपासला नव्हता, तपासला म्हणून तुला खोटं सांगितलं. नंतर उकळून पाहिला, उघडला नाही. तू काहीही विसरला नव्हतास. हे वहिनींना वाचून दाखव, आणि पंचायतीलाही.'

खाली नाव लिहिताना मास्तर लिहावं की पूर्ण नाव, ह्यात बराच वेळ गेला. पूर्ण नाव लिहिलं. ह्यापुढे तो मला काय म्हणेल, किंवा काही म्हणेल की नाही, मला माहीत नाही. पंपावर आता दुसरं कुणी लागलं असेल, हेही मनात आलं.

गावाचा पिनकोड नीट आठवत नव्हता. पोस्टात खिडकीपाशी जाऊन विचारला. कारकुनाने दोनदा मोठ्याने सांगितला. मी तिथेच उभं राहून तो लिहिला, कडेला जिभेने ओलावा देऊन पत्र चिकटवलं आणि बाहेरच्या लाल पेटीत टाकलं.