कागदाचं दार

माप घेतल्याशिवाय शिंपीबुवांचा जगावर विश्वास बसत नसे. व्हीलचेअर घ्यायला निघताना त्यांनी खाकी कागद जोडून त्यात बाथरूमच्या दाराची चौकट कापली. धाकट्या मेहुणीच्या गाडीची डिकी, तिनं फोनवर सांगितलेल्या मापानं, वेगळी बेतली. दोन्हींची गुंडाळी काखेत मारली आणि बायकोला उचलून टॅक्सीत बसवलं.

या उचलण्यालाच ती विटली होती. आठ महिने बाथरूमपर्यंत नवऱ्याच्या हातांवर वरात! तिला एकटीनं आत जाऊन कडी लावायची होती, आणि बहिणीकडे जायचं होतं. बस्स, एवढंच.

दुकानात सलाइनच्या दोन स्टँडांना चिमटे लावून कागदाचं दार उभं राहिलं. काठी घ्यायला आलेल्या एका आजोबांनी शेजारची ऐसपैस वाट सोडून कागदावर टकटक केलं. "आत कोणी आहे का?"

"नाही, या ना," दुकानदार भांबावून म्हणाला. आजोबा वाकून आत आले. मग येणारा प्रत्येक जण तिथूनच येऊ लागला. एका बाईंनी तर चपला बाहेर काढल्या.

पहिली खुर्ची अरुंद होती, पण चाकं छोटी. "ही दुसऱ्यानं ढकलायची," दुकानदार म्हणाला.

"मग हात काय वाईट होते?" बायकोनं ती परत केली.

दुसरी राजेशाही. मोठी चाकं स्वतः फिरवत ती दारातून सुळकन पार झाली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीबुवांची मान ताठ झाली.

तिची मात्र नाही. चाळीस वर्षं त्यांनी शिवलेल्या कपड्यांना काजं-बटणं तिनंच केली होती.

"अहो, शिलाईची माया धरलीत का यात?"

"धरणारच! शिवणीत जायला दोन्हीकडून एकेक इंच जास्त."

"दाराला?"

शिंपीबुवा खाली बसले. "सवय गं... डिकीलाही धरली."

तिनं टेप मागितला. दाराच्या कागदाला तिनं स्वतः दोन्हीकडून आत इंच-इंच पट्टी जोडली, डिकीच्या कागदाच्या कडा तेवढ्याच दुमडल्या, टाचण्या मारल्या. राजेशाही खुर्ची अडकली. तिसरी, कमी रुंदीची, मोठी चाकं निघणारी, घडी होणारी, अर्ध्या इंचानं सुटली. डिकीतही मावली.

"फार फिटिंगची झाली," ते कुरकुरले. "चाकावरची बोटं सोलवटतील."

"चौकट धरून ओढून घेईन स्वतःला."

घरी तिनं तसंच केलं. आत गेली, कडी लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

टकटक. "अगं, अडकलीस का?"

ती नुसतीच बसली होती. बंद दाराकडे बघत.

"आत माणूस आहे," ती म्हणाली. "बहिणीला फोन लावा. रविवारी येतेय म्हणावं."