खालच्या अंगाचा रेझिस्टर

"ओढा, बिनधास्त ओढा," गझवान म्हणाला. डॉक्टर निब्रास कचरताहेत असं पाहून त्यानेच पुढे होऊन भिंतीतला प्लग खस्सकन उपटला.

लसींच्या फ्रीजवर ठेवलेल्या, पत्त्याएवढ्या कॉम्प्युटरचा दिवा लागलेलाच राहिला. त्याच्या पोटाखालच्या बोर्डाने आणि बोर्डावरच्या दोन बॅटऱ्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत भार उचलला होता. पडद्यावर फ्रीजचं तापमान निवांत उमटत होतं. चार. चार. चार.

"माशाल्ला!" कोणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या.

"आठ महिने झोपलो नाही या बोर्डापायी," गझवानने मान तिरकी करून सांगितलं. "मोसुलच्या प्रत्येक दवाखान्यात हाच बसणार आता. चाळीस तयार आहेत."

"आणि या बाई?" डॉक्टरांनी दाराकडे पाहत विचारलं.

दारात विज्दान उभी होती, हातात सुट्या बोर्डांचं खोकं घेऊन. अकरा वर्षं ती गझवानच्या दुकानात कामाला होती. हा बोर्ड तिने दोन हिवाळे स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, जुन्या लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या जोडून केला होता.

"ही होय? विज्दान. सोल्डरिंग करते आमच्याकडे. हात चांगला आहे तिचा."

 विज्दानला बोलण्याची फारशी सवयच नव्हती. तिने खोक्यातला एक नवाकोरा बोर्ड उचलला. वर पांढऱ्या ठळक अक्षरांत गझवानचं नाव छापलेलं होतं. तिने तो उलटा केला. खालचं अंग स्वच्छ होतं. तिने हाताने जोडलेला रेझिस्टर तिथे नव्हता.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली, "खाली एक रेझिस्टर राहिलाय."

"राहिला नाही, काढलाय. ते तुझ्या चुकीवरचं ठिगळ होतं. नीट आखून केलं की ठिगळं लागत नाहीत."

"ठिगळ नव्हतं ते. उन्हाळ्यात जेव्हा..."

"ऐका हो डॉक्टर!" गझवान मोठ्याने हसला. "आता सुई शिंप्याला शिकवणार!"

सगळे हसले. विज्दानची मैत्रीण शदा त्याच दवाखान्यात परिचारिका होती, चहाचे पेले घेऊन आत येत होती. काय चाललंय ते न कळून तीही सगळ्यांबरोबर थोडी हसली.

जानेवारीतल्या त्या दिवशी, सूर्यास्ताचा मगरिबचा नमाज झाल्यावर विज्दान नमाजाच्या चटईवरून, जानमाजवरून उठली नाही. तिने कुराणावर हात ठेवला आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हटलं, "वल्लाही, या बोर्डाचं दुखणं माझ्या तोंडून कोणालाही कळणार नाही."

दुखणं साधंच होतं. अख्खं शहर विजेबद्दल दोनच शब्द बोलतं, 'आली' आणि 'गेली'. सरकारी वीज जाते, गल्लीतल्या जनरेटरची येते, ती जाते, सरकारी परत येते. त्यामुळे बोर्ड तपासायचा म्हटलं की जो तो प्लग ओढून बघतो. प्लग ओढला की वीज एका झटक्यात जाते आणि बोर्डाला निर्णय सोपा होतो. पण मीटरसमोर बसून जो उन्हाळा काढतो त्याला तिसरी गोष्ट माहीत असते. जूनमध्ये घरोघरचे कुलर एकदम चालले की जनरेटरचा दम तुटतो. तेव्हा वीज जात नाही आणि राहतही नाही, नुसती खंगते. दोनशेवीस व्होल्टच्या जागी कधी दीडशे, कधी नव्वद. अशा वेळी बोर्ड गोंधळतो. 'गेली' म्हणतो, 'आली' म्हणतो, पुन्हा 'गेली' म्हणतो, सेकंदात चार-चार वेळा. त्या धक्क्यांनी वरचा कॉम्प्युटर आपली नोंदच पुसून बसतो. खालच्या अंगाचा तो इवलासा रेझिस्टर बोर्डाला एवढंच सांगत असे की एकदा 'गेली' म्हणालास ना, मग ती पुरती परत येईपर्यंत शब्द फिरवू नकोस.

आणि नोंद पुसली की लस फेकून द्यावी लागते. ती थंड राहिली होती याला साक्षीदारच उरत नाही.

उन्हाळा येऊ दे, विज्दान मनाशी म्हणाली.

आठवड्याभराने गझवानने तिला कामावरून काढलं. सोल्डरिंगला आता यंत्र आलंय म्हणाला. ती "बरं" म्हणाली, आपली चिमटी आणि भिंग पिशवीत टाकून घरी आली. शेजारपाजारचे मिक्सर, इस्त्र्या, कुलरच्या मोटारी दुरुस्त करू लागली. सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायची, तो धरत राहिली.

शुक्रवारी सकाळी शदा यायची, म्हशीच्या दुधाची साय आणि गरम समून पाव घेऊन. तीस वर्षांची रीत होती ती.

"तुझा तो गझवान टीव्हीवर होता गं काल."

"असू दे."

"टाय घातला होता. गळफास लावल्यासारखा दिसत होता अगदी."

विज्दानला हसू आलं नाही.

"तुला राग कसा येत नाही, विज्दू? मी असते तर त्याच्या दुकानासमोर उभी राहून छाती बडवली असती."

"बडवून काय होतं?" विज्दानने तिच्या पावावर साय लावली. "खा. गार होतोय."

एप्रिलमध्ये पारा तिशी ओलांडून गेला. मे महिन्यात चाळिशीला टेकला. शेजारणी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून वाऱ्याची वाट बघायच्या. विज्दान रोज दुपारी मीटर लावून जनरेटरच्या लाइनचा आकडा बघायची. दोनशे दहा. दोनशे. एकशे नव्वद. आकडा उतरला की तिला जेवण गोड लागायचं. नमाजात तिने उष्मा मागितला नाही, एवढं भान तिला होतं. पण वाराही मागितला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला आणि दोन दिवसांत पाच दवाखान्यांतले कॉम्प्युटर आंधळे झाले. विज्दानला ते भाजीवाल्याकडून कळलं. त्याची सून तान्ह्या बाळाला घेऊन लस टोचायला गेली होती आणि तशीच परतली होती. विज्दानने त्या दिवशी स्वतःपुरते खिम्याचे कुब्बे केले, नीट तळले आणि सावकाश खाल्ले.

गझवान प्रत्येक दवाखान्यात गेला. प्लग ओढला. बोर्ड चालला. प्लग लावला, पुन्हा ओढला. पुन्हा चालला. मग डॉक्टरांकडे वळून त्याने सांगितलं, "यंत्रात काही नाही, सायेब. माणसांत आहे. या बायका मोबाईल चार्ज करायला भलत्याच तारा उपटतात."

निब्रासांच्या दवाखान्यातल्या तीनशे लसी फेकल्या गेल्या. फ्रीजची जबाबदारी शदावर होती. तिला घरी बसवलं आणि पुढल्या गुरुवारी चौकशी ठेवली.

ती सरळ विज्दानकडे आली आणि ओट्यावर हात टेकून उभी राहिली.

"मोबाईल! माझ्या मोबाईलला, विज्दू, चार्जिंगला लावायला धड तार नाही! नऊ वर्षं मी त्या फ्रीजचं दार श्वास रोखून उघडते, आतला गारवा सांडू नये म्हणून. आणि तो टायवाला मला म्हणतो तू तार उपटलीस."

"बस आधी."

"नाही बसत. काढून टाकलं तर नवऱ्याच्या औषधाचं काय करू? मला सांग, ते यंत्र असं का करतं? तू त्याच्याकडे होतीस. काहीतरी तर कळत असेल तुला!"

विज्दानने चहाखालचा गॅस बारीक केला.

"मला काय कळणार," ती म्हणाली. "मी नुसती सोल्डरिंग करायची."

शदा ओट्यावर डोकं ठेवून रडली. विज्दानने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला स्वतःलाच जड वाटला.

त्यानंतरचे चार दिवस तिला काही गोड लागलं नाही. शपथ खरी होती आणि तिच्यामागचा अपमानही. पण पाच महिने तिने दाणापाणी घालून पोसलेला सूड नेमक्या चुकीच्या दारात जाऊन बसला होता. गझवान टाय लावून हिंडत होता, आणि शदाने खाणं सोडलं होतं. बुधवारी रात्री इशाच्या नमाजानंतर विज्दानने सोल्डरिंगची पिशवी भरली. शदाला वाचवायचं म्हणून भरली, हे खरं. पण पिशवीची गाठ मारताना तिच्या डोळ्यांसमोर शदाचा चेहरा नव्हता.

चौकशी भर दुपारी होती. टेबलामागे डॉक्टर निब्रास आणि वरच्या कचेरीतून आलेले दोघे, बाजूला गझवान, भिंतीला पाठ लावून शदा. विज्दान सलाम करून आत आली.

"हिला कोणी बोलावलं?" गझवान उठला. "डॉक्टर, हिला मी काढून टाकलंय. राग आहे तिच्या मनात."

"आहे," विज्दान म्हणाली.

"बघा! स्वतःच कबूल करते!" त्याने पुढे होऊन प्लग ओढला. दिवा लागलेलाच राहिला. "आणि हे बघा. आता काय म्हणायचंय तुला?"

"प्लग लावा, उस्ताद. भिंतीतच राहू दे त्याला." तिने पिशवीतून मीटर काढून बाजूच्या सॉकेटमध्ये खोचला. "दोन्ही कुलर बंद का ठेवलेत? एवढं ऊन आहे. लावा ना. शदा, तुझा तो सुया उकळायचा डबाही लाव. आणि चहाची किटली. पाहुणे आलेत."

शदाने एकेक बटण दाबलं. दोनशे पाच. एकशे साठ. एकशे वीस. दिवे पिवळे पडले. पंचाण्णव.

बोर्डावरचा दिवा हिरवा झाला, लाल झाला, हिरवा, लाल. आत बारीक टकटक सुरू झाली, दात वाजावेत तशी. पडद्यावरचा चारचा आकडा थरथरला आणि पडदा काळा झाला.

गझवान कुलरच्या बटणाकडे धावला.

"हात लावू नका," विज्दान म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तुमचंच आहे ना ते? आठ महिने झोपला नाहीत तुम्ही यापायी."

"हे... हा जनरेटरचा दोष आहे."

"जनरेटर आपल्याकडे असाच असतो, हे लेकरांनाही ठाऊक आहे." तिने बोर्ड सोडवून त्याच्या हातात दिला. मग चिमटीत धरून एक रेझिस्टर पुढे केला, तांदळाच्या दाण्याएवढा. "एवढाच कमी आहे. कुठे लावायचा, दाखवा."

गझवानने बोर्ड पालथा केला. उलथा केला. पुन्हा पालथा केला. कपाळावरचा घाम टिपायला त्याला हात मोकळा नव्हता, एक थेंब त्याच्याच पांढऱ्या नावावर पडला.

विज्दानने घाई केली नाही. इस्त्री तापायला लागतो तेवढा वेळ तिने त्याला तसंच उभं ठेवलं. वरच्या कचेरीतले दोघे बघत होते. डॉक्टर बघत होते. किटली उकळायला लागली, तरी कोणी जागचं हललं नाही.

"बाई," शेवटी गझवान पुटपुटला, "तूच लाव."

"मोठ्याने बोला, उस्ताद. कुलरच्या आवाजात ऐकू येत नाही."

"तूच लाव! तुला माहीत आहे. तूच केलाय हा बोर्ड."

तिने तिथेच टेबलावर बोर्ड उलटा धरून दोन टाके दिले. बसवला. मीटर पंचाण्णववरच होता. बोर्डावरचा दिवा एकदा लाल झाला आणि लालच राहिला, बॅटऱ्यांवर. पडदा उजळला. चार. चार. चार.

डॉक्टर निब्रासांनी चष्मा काढला. "शदाबाई, उद्यापासून कामावर या. आमची चूक झाली." मग विज्दानकडे वळून त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं.

"जानेवारीपासून."

शदाने मान वर केली.

"मी तुझ्या ओट्याशी रडत होते, तेव्हासुद्धा?"

"हो."

शदाने खुंटीवरचा पांढरा कोट घेतला, बटणं लावली आणि फ्रीजपाशी जाऊन तापमानाचा कागद भरू लागली. विज्दान पिशवी घेऊन निघाली तेव्हा तिने वळून पाहिलं नाही.

गझवानचं दवाखान्यांचं काम गेलं. एकोणचाळीस बोर्ड खोक्यांत भरून विज्दानच्या दारी आले. तिने एकेका बोर्डाच्या पोटाला रेझिस्टर जोडला. वरचं त्याचं नाव खरवडायला पाती हातात घेतली होती, ती परत ठेवली. ज्याच्या हाती बोर्ड जाईल त्याने तो उलटवून बघावा, खाली बाईच्या हातचं ठिगळ बघावं आणि पुन्हा वरचं नाव वाचावं.

शुक्रवार आला. साय घेऊन कोणी आलं नाही.

शपथ मोडली की दहा गरिबांना जेवू घालावं लागतं, आणि जेवण आपण घरी खातो तेच, हलकं चालत नाही. विज्दानने नाक्यावरून दहा मजूर बोलावून आणले. अंगणात चटई अंथरली. भात, घेवड्याचा रस्सा, मटणाचे चांगले तुकडे, कांदा, ताक.

"बाई, काय आनंदाची गोष्ट?" एका म्हाताऱ्या गवंड्याने विचारलं. "लग्न? मुलगा झाला कुणाला?"

"शपथ मोडली, बाबा."

"अच्छा." त्याने थोडा विचार केला. "मोडायच्या लायकीची होती का?"

"होती."

"मग हसा की थोडं. भात फार छान झालाय."

तिने त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

सगळे हात धुऊन, दुवा देऊन गेले. तिने दहा ताटं घासून उन्हात पालथी घातली आणि दुपार कलल्यावर असरच्या नमाजाला उभी राहिली. मग हात पसरून बराच वेळ माफी मागत बसली. उन्हाळाभर वारा मागितला नाही त्याबद्दल. लस न टोचता परत गेलेल्या लेकरांबद्दल, त्यांच्या आयांबद्दल. शदाच्या पाच दिवसांबद्दल. ओट्याशी बोललेल्या त्या एका खोट्या वाक्याबद्दल दोनदा मागितली.

मग गझवानचा चेहरा आठवला, बोर्ड उलथापालथा करतानाचा. त्यावर ती काही क्षण थांबली. माफीसाठी ओठ हलले नाहीत. तिने हात चेहऱ्यावरून फिरवले, जानमाजची घडी घातली आणि ताटं वाळली का ते बघायला अंगणात गेली.