राणी आत आहे

केंटकीच्या डोंगरातलं ओकचं एक झाड पाडायला आलेला डेलबर्ट करवत घेऊन ताटकळला होता. व्हर्नामावशींनी मात्र सावकाश झाडाच्या ढोलीतली मधमाश्यांची पोळी कापून लाकडी चौकटींना रबरबँडनं बांधली आणि मधपेटीत ठेवली.

"राणी दिसली का, मावशी?"

"नाही."

"मग एवढा खटाटोप फुकटच!"

"डोळे फुटले का तुझे? पेटीच्या दारात माश्या बुडं वर करून पंख हलवतायत. राणी आत असली की बाकीच्यांना अशाच बोलावतात त्या."

खरंच, ढोलीतल्या माश्या रांगेनं पेटीत शिरल्या. डेलबर्टनं करवत उचलली.

"ठेव खाली! मधाला गेलेल्या संध्याकाळी परततील."

"तोवर थांबू?"

"तू उशिरा यायचास, तेव्हा तुझी आई आधी जेवायची का रे?"

डेलबर्टनं करवत ठेवली आणि मावशींशेजारी बूड टेकवलं.