मागच्या दारचा डबा

महिपतची मोटारसायकल नवघरच्या रस्त्याला लागली की घोडबंदरच्या किल्ल्यातली वटवाघळं भरदिवसा उठून खाडीपलीकडे निघून जायची. गावातल्या कोंबड्यांनी तर त्या साली अंडी घालायचं बंदच केलं होतं. घातलंच एखादं, तर आतून हललेलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे. पण गाडी होती आणि आवाज होता, एवढं तरी खरं धरा.

महिपत मिठागरावर मुकादम. ठाण्याच्या कुणा डॉक्टरची जुनी गाडी त्याने घेतली आणि माणूस चालायचंच विसरला. कोपऱ्यावरून विडी आणायची तरी गाडी. रविवारी अंगणात परात घेऊन बसायचा, गाडीचा कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये बुडवायचा, जुन्या ब्रशाने घासायचा आणि बघायला जमलेल्यांना भाषण द्यायचा.

"लांब व्हा रं! विडी इझव आधी. ह्याची वाफ डोळ्यांना दिसत न्हाय, पण जमिनीवरनं सरपटत जाते, पार चुलीपातूर. हे रॉकेल न्हाय, पेट्रोल हाय!"

सगळं बरोबर बोलायचा हो. बोलण्यात त्याचं कधीच चुकलं नाही.

त्याची बायको शेवंती. तिने गाडी आली त्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "अवो, ही घाण घरात न्हाय ठेवायची. गाडीच्या पोटात ठेवा, न्हायतर शेतावरच्या खोपीत." आणि महिपत म्हणाला होता, "ठेवतोय गं, मला शिकवतेस का?" पण पंप हायवेला, लांब. म्हणून तो येताना जास्तीचं पेट्रोल घेऊन यायचा. एका रविवारी काम संपलं, पेट्रोल उरलं, आणि खोपीपर्यंत बांधावरून चालत जायचा त्याला कंटाळा आला. मागच्या दाराशी रॉकेलचा डबा रिकामा होता. झाकण घट्ट होतं. ओतलं त्यात. उद्या हलवू म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

आता नवघरात मागच्या दारच्या डब्याला मालक नसायचा. ज्याचं रॉकेल संपलं त्याने शेजारच्या मागच्या दारी जायचं, हवं तेवढं न्यायचं, रेशनचं आलं की परत आणून ओतायचं. विचारायचं नाही. विचारलं तर शेजारीण रुसायची, "मी काय परकी हाय?" महिपत त्याच गावात जन्मला, त्याच डब्यांच्या रॉकेलवर शिजलेला भात खाऊन वाढला. त्याला हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

शेजारच्या धाकूच्या पोरीची, शालूची, हळद होती. नवरा गोडदेव गावचा, आणि दुसऱ्या दिवशी तो महिपतच्या मागे बसून मोटारसायकलवरून मांडवात येणार होता. असला नवरा नवघरात आजपर्यंत आला नव्हता. महिपतने सकाळी गाडी पुसली, चाकाला झेंडूची माळ गुंडाळून बघितली आणि टाकी भरायला मागच्या दारी गेला.

डबा नव्हता. जमिनीवर नुसतं गंजाचं गोल कडं.

"शेवंते, डबा कुठाय?"

"रुक्मिणीकाकीनं नेला. मांडवातली लाकडं वली हायत, पेटंनात. का वो?"

रुक्मिणीकाकी म्हणजे गावची धवलारीण. लग्नाचे धवले गाणारी, तिच्या गाण्यावाचून बायका हळदही वाटायला घ्यायच्या नाहीत. दिवसभर नाकात तपकीर, त्यामुळे वास म्हणून तिला कसला यायचा नाही. मेलेल्या घुशीशेजारी बसून जेवेल अशी बाई.

दोन्ही अंगणांमधला दगडांचा गडगा कमरेइतका. महिपतला तिथूनच एक शब्द ओरडायचा होता. पेट्रोल. बस. पण गडग्यापलीकडे सगळं गाव जमलेलं, रविवारी त्याचं भाषण ऐकणारे तेच सगळे. तो अंगणाला वळसा घालून गेला. पळतही नाही, पळालं तर लोक विचारतील.

मांडवामागे चर खणून लांब चूल केलेली. काकीने एका टोकाच्या लाकडांवर ओतून झालं होतं. हातात करवंटी, करवंटीत इस्तू, लाल निखारे.

"काकी, तो डबा द्या इकडं."

"का रं? तुझ्या बापाचा हाय का डबा?"

"रॉकेल खराब हाय. पाणी... पाणी मिसळलंय रेशनवाल्या नाथाशेठनं."

"मग आणखी थोडं वतू, त्यात काय!" असं म्हणून काकीने इस्तू चरात टाकला.

जाळ असा उठला की मांडवावरचे आंब्याच्या पानांचे टाळे पापडासारखे वळले. भाईंदरच्या स्टेशनमास्तरने म्हणे गाडी आली समजून झेंडा दाखवला. काकीच्या भुवया गेल्या त्या गेल्याच, पुढे जन्मभर कोळशाने काढायची.

पण हात खरा जळला तिचा. उजवा. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

कुणीतरी पाण्याचा हंडा उचलला. तेव्हा कुठे महिपत ओरडला. "पाणी नको! पाण्यावर तरंगून पसरंल! मीठ टाका, मीठ!" गडग्याला लागून झावळ्यांच्या झापांखाली मिठाची रास होती. सुपांनी, टोपांनी, ओच्यांनी लोकांनी मीठ मारलं. महिपतने डबा उचलून पार शेतात नेला. जाळ गुदमरून बसला. त्या दिवशीचा भात गावाने खारट खाल्ला.

काकीचा हात पाण्याच्या घंगाळात. आणि धाकूने महिपतच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाचवलंस बाबा. काकीला सांगत व्हतास ना तू, रॉकेल खराब हाय म्हणून? मी ऐकलं. अन् मिठाची अक्कल पन तुझीच."

महिपत हाताची काजळी पुसत राहिला.

"त्या नाथाशेठला आज सोडायचा न्हाय!" कुणीतरी म्हणालं, आणि पोरं निघाली. महिपतला साक्षीदार म्हणून पुढे घातलं. दुकान काही लांब नव्हतं, पण तेवढ्या वाटेत त्याचं खोटं चांगलं बाळसं धरून मोठं झालं. आधी रॉकेलमध्ये पाणी होतं, वडाशी येईपर्यंत स्पिरिट झालं, दुकानाशी पोचेपर्यंत नाथाशेठ गावच जाळायला निघाला होता.

नाथाशेठ धाकूच्याच लग्नाची साखर तोलत होता. "अरे भाई, मेरा तेल तो सरकारी है, सबके घर में वही जलता है!" एकाने त्याची कॉलर धरली. चष्मा खाली पडला. म्हातारा आंधळ्यासारखा चाचपडला आणि महिपत उभा होता त्या दिशेला तोंड करून म्हणाला, "महिपतभाई, तुम बोलो ना. तुमको तो मालूम है, ये सब चीज का."

महिपतचे कान तापले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सोडा त्याला. पेट्रोल व्हतं. माझं. मीच वतलं व्हतं डब्यात."

कॉलर सुटली. धाकू पुढे आला.

"अन् पाणी मिसळलंय म्हनलास ते?"

"लाज वाटली."

"काकीनं इस्तू टाकायच्या आधी ठावं व्हतं तुला?"

महिपतने होय म्हणून मान हलवली.

कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. धाकूने चष्मा उचलला, धोतराला पुसला, नाथाशेठच्या हातात दिला, आणि सगळे महिपतच्या अंगावरून परत गेले, रस्त्यातल्या खांबाला वळसा घालावा तसे.

हळद झाली. काकीने हात घंगाळातून काढला नाही. शेवंतीला जवळ बोलावून म्हणाली, "माझा हात तू हो." आणि शेवंतीने काकीच्या वतीने नवरीला पहिली हळद लावली. महिपत गडग्याअलीकडे उभा राहून ऐकत होता. काकी धवल्यात एकेकाचं नाव घेऊन चिमटे काढायची. कुणी सुटायचं नाही. त्या दिवशीही धाकू आला, शेवंती आली, नाथाशेठची साखरसुद्धा आली. महिपत वाट बघत राहिला, की आता माझं, आता माझं. नाही आलं.

दुसऱ्या दिवशी नवरा बैलगाडीतून आला. महिपतला कुणी 'नको' म्हणालं नव्हतं. कुणी काही म्हणालंच नव्हतं. चाकावरची झेंडूची माळ त्याने स्वतःच सोडली.

मग त्याने नवीन पत्र्याचा डबा आणला, लाल रंगवला आणि खोपीत नेऊन ठेवला, बांधावरून पायी. कार्बोरेटरही तिथेच उघड्यावर धुवायचा, एकटा. भाषण ऐकायला होतं कोण, बगळे. जुना डबा मोडीत दिला. मागच्या दाराशी रॉकेलचा दुसरा ठेवला, काठोकाठ. शेजारच्यांचं रॉकेल संपायचं, बायका त्याच्या दारावरून पुढे तिसऱ्या घरी जायच्या. गोडदेवपर्यंत म्हणे लोक पेट्रोलला 'महिपत' म्हणायला लागले होते. ते एक वेळ त्याने सोसलं. पण रोज संध्याकाळी तो डब्याचं झाकण काढून बघायचा, आणि रॉकेल होतं तेवढंच असायचं.

शेतात भाताची लावणी सुरू झाली तेव्हा एका दुपारी काकी मागच्या दारी उभी राहिली. कोळशाच्या भुवया, एक वर एक खाली. तळहाताची नवी कातडी लहान पोराच्या पायासारखी गुलाबी. त्या हातात रिकामी बाटली.

महिपत उठला. काही बोलायला गेला तर काकीने बाटलीच पुढे केली. त्याने डब्याचं झाकण काढलं, बोट बुडवलं, हुंगलं. परत हुंगलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हुंगतोच आहे.

"किती हुंगशील मेल्या? तपकीर हाय का ती?" काकी म्हणाली. "वत आता. अन् भाषण नको."