भिंगाजवळची जागा

तुंगाचा जीव जळायचा तो त्या भिंगावरून. नजरबाद मोहल्ल्यातल्या घरात उजेड पडला की तिचा नवरा रघुनाथराव ओसरीवर चित्रं काढायला बसायचा. शेतकी खात्यासाठी किडेमुंग्या रंगवणं ही त्याची नोकरी. भिंग धरायला मात्र त्याला धाकटी बहीण वेदवतीच लागायची. ती शाळेत शिकलेली ना! बहीणभावाची डोकी एकत्र, हसणं एकत्र. आणि तुंगा अंगणात, तान्ह्या लेकीला पाजत.

एकदा तिनंही हौसेनं मोठ्या डोक्याचा मुंगळा आणला. "ही राणी ना?"

"अय्यो वहिनी, ही तर कामकरी! डोकं मोठं म्हणून कुणी राणी होतं का?" वेदवती खदखदून हसली. रघुनाथरावही हसला, ते जास्त लागलं.

तेव्हापासून तुंगा मुंग्या बघायला लागली, चिडूनच. काल संध्याकाळी अंगणातल्या वारुळातून पंखवाल्यांचा थवा निघाला. बारक्या डोक्याचे सडपातळ होते ते भिंतीपाशी मरून पडले. थोराड, जाड पाठीच्या होत्या त्यांनी आपल्याच पायांनी पंख मोडून टाकले आणि माती उकरायला घेतली. त्यातली एक तिनं वाटीखाली झाकून ठेवली.

आज ओसरीवर भिंगाखालच्या पंखवाल्या मुंगीकडे बोट दाखवून वेदवती ठासून सांगत होती, "पंख आहेत ना दादा? मग राणीच." रघुनाथराव रंग भरत होता. चित्र उद्या साहेबापुढे जायचं होतं.

तुंगानं डोकावलं. बारकं डोकं, सडपातळ अंग.

गप्प बसावं, तिला वाटलं. होऊ दे वन्संची फजिती. पण बोलणी खाणार नवरा.

"अहो, पुरे ते रंगवणं. नर आहे तो." तिनं वाटी आणून ठेवली. "ही राणी. पाठीवर पंख मोडल्याच्या खुणा बघा. कामकरीची पाठ अशी फुगीर नसते."

रघुनाथरावानं बराच वेळ निरखलं. "खरंच गं! वेदे, भिंग धर, बघ तुझ्या वहिनीनं काय आणलंय!"

झालं. पुन्हा दोन डोकी एकत्र, आणि तुंगा मागं उभी.

तिनं पोर सरळ वेदवतीच्या मांडीवर ठेवलं. "वन्सं, हिला घ्या जरा."

"आणि भिंग कोण धरणार?"

"मी आहे की." तुंगा नवऱ्याला खेटून बसली.

"हात हलवू नकोस," तो म्हणाला.

मागं पोर रडायला लागलं. तुंगाची मान वळली, पण ती उठली नाही.

"पाठ थोपटा वन्सं, गप्प होते ती."